सुरांची पत्रपेटी : एला फिट्झजेराल्डबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात एला फिट्झजेराल्ड या अमेरिकन जॅझ गायिकेवर दोन पानं लिहिली आणि पत्रांचा पाऊस पडला. भजनी बुवा, शाळकरी मुलांच्या आया, बांद्याकडचे वाचक, सगळ्यांनी लिहिलं. सगळ्या पत्रांना जागा नाही. ज्यांतून इतरांनाही काही मिळेल अशी पत्रं घेते आहे.

देवगडहून एक आई लिहितात : माझी मुलगी आठवीत आहे. घरी सुरेख गाते, पण स्पर्धेत नाव पुकारलं की तिचे हातपाय गार पडतात. एला नाचायला गेली आणि गाऊन आली, असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत. ते सविस्तर सांगाल का, बाई? मुलीला वाचून दाखवायचं आहे.

जरूर दाखवा. २१ नोव्हेंबर १९३४ची रात्र. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांचा कार्यक्रम होता. एला सतरा वर्षांची. तिने नाव दिलं होतं नाचासाठी, कारण लहानपणापासून तिला व्हायचं होतं ते नर्तकीच. पण तिच्या आधी एडवर्ड्स सिस्टर्स नाचून गेल्या. त्यांचा नाच पाहून एलाला कळून चुकलं की यांच्या मागोमाग आपण नाचलो तर लोक बसू देणार नाहीत. नाव तर पुकारलेलं. मग ती गायली. ‘जूडी’ नावाचं गाणं, आणि लोकांनी सोडलं नाही म्हणून आणखी एक. पहिलं बक्षीस मिळालं, पंचवीस डॉलर.

आता मुलीला हे सांगा, की एलाचा घसा त्या रात्री चमत्काराने उघडला नाही. तिच्या आईला कॉनी बॉझवेल नावाच्या गायिकेच्या रेकॉर्ड आवडायच्या आणि त्या ऐकून ऐकून एलाला ती गायकी तोंडपाठ झाली होती. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा, सगळं. धास्तीने डोकं रिकामं झालं तेव्हा गळ्याने आपलं आपण काम केलं. मी शाळेत संगीत शिकवत होते तेव्हा पालक स्पर्धेच्या तोंडावर मुलांकडून नवं, अवघड गाणं बसवून घेण्याचा आग्रह धरायचे. तसं करू नका. जे गाणं ती भांडी विसळताना, सायकलवर, न ठरवता गुणगुणते, तेच स्पर्धेला द्या.

कुडाळहून एक भजनी बुवा लिहितात : बाई, ह्या जॅझात आमच्या डबलबारीसारखा काय असता काय? का सगळे आपले कोटबीट घालून गप बसान वाजवतत?

बुवा, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. होय, दोन भजनी बुवांचा सामना रंगतो तशी अगदी डबलबारीच असते.

हार्लेममध्ये सॅव्हॉय बॉलरूम नावाचं भलंमोठं नृत्यगृह होतं. १९२६मध्ये सुरू झालं. काळे-गोरे एकाच फरशीवर नाचायचे, आणि त्या काळच्या अमेरिकेत ही फार मोठी गोष्ट होती. तिथे एकाला लागून एक असे दोन मंच. एका बँडची बारी संपली की दुसऱ्याची सुरू, आणि कुठला बँड वरचढ ते पब्लिक ठरवायचं. तिथला घरचा बँड होता चिक वेब या ड्रमवाल्याचा. तुमच्या पखवाजावरच्या मुलाला याची गोष्ट जरूर सांगा. लहानपणी मणक्याला क्षय झाल्यामुळे चिक वेबची पाठ वाकलेली होती, उंची खुंटलेली, आणि वेदना कायमच्या. पण ड्रमच्या मागे बसला की समोरच्याची छाती दडपायची.

अपोलोतल्या त्या रात्रीनंतर काही महिन्यांनी एलाला त्याच्याकडे नेलं गेलं, तेव्हा तो तयार नव्हता. मुलगी दिसायला साधी, कपडे यथातथा, अशी बाई बँडच्या पुढे कशी उभी करायची, असं त्याला वाटलं. येल विद्यापीठातल्या नाचाच्या कार्यक्रमात तिला गाऊन बघू म्हणाला. तिथल्या पोरांना ती आवडली आणि एला बँडमध्ये राहिली.

मग ११ मे १९३७. बेनी गुडमन, तेव्हाचा सगळ्यात गाजलेला गोरा बँडवाला, आपला ताफा घेऊन सॅव्हॉयमध्ये बारीला आला. त्याच्याकडे ड्रमवर जीन क्रूपा, म्हणजे देशभर नाव झालेला वादक. आत जाता आलं नाही म्हणून हजारो माणसं बाहेर रस्त्यावर उभी. बारी चिक वेबने मारली, आणि क्रूपाने सगळ्यांदेखत त्याला वाकून मान दिला. तुमच्याकडे हरलेला बुवा जिंकलेल्याच्या गळ्यात हार घालतो तेव्हा मला हीच गोष्ट आठवते. एला त्याच बँडची गायिका होती. वीस वर्षांची.

तुमच्या गजरासारखा प्रकारही तिने केला. १९३८मध्ये तिने मुलांचं एक खेळातलं गाणं उचललं. टोपली आणि वाटेत पडलेली चिठ्ठी, एवढाच मुळात त्याचा मजकूर. बँडच्या अरेंजरला, म्हणजे कुठलं वाद्य काय वाजवेल ते लिहून देणाऱ्याला, बरोबर घेऊन त्याला नाचरी चाल दिली. ‘अ-टिस्केट, अ-टास्केट’. तिच्या गाण्यात टोपलीच हरवते. बँडवाले कोरसमध्ये तिला विचारतात टोपली लाल होती का, निळी होती का, आणि ती प्रत्येकाला नाही नाही म्हणते. ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. बुवांनी ओळ टाकायची आणि कोरसने झेलायची, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

पुढच्याच वर्षी, जून १९३९मध्ये, चिक वेब वारला. बँड मोडला नाही. एलाच्या नावाने तो १९४२पर्यंत चालला. बावीस वर्षांच्या मुलीच्या नावावर पुरुषांचा अख्खा ताफा.

रत्नागिरीहून एक वाचक विचारतात : ती मधूनच ‘डू बी डा बा’ असं निरर्थक काहीतरी गाते. हा आपला तराणाच नाही का?

जवळचा नातेवाईक आहे, पण घर वेगळं. तराण्यात ‘ना दिर दिर दानी’ हे बोल आधी बांधलेले असतात, स्थायी-अंतरा ठरलेला असतो, आणि विस्तार त्या बंदिशीच्या अंगाने होतो. एला जे गाते त्याला स्कॅट म्हणतात आणि त्यातले बोल तिथल्या तिथे जन्मतात. दुसरं म्हणजे, आपल्याकडे तानपुऱ्याचा सा अढळ असतो. जॅझमध्ये पायाखालचे स्वरसमूह दर एक-दोन मापांनी बदलत राहतात आणि गाणारीला प्रत्येक वळणावर नव्या घरात बरोबर पाऊल टाकावं लागतं. हातात लिहिलेलं काही नाही, आणि लय मात्र धावते आहे.

हे ती वाद्यांकडून शिकली. १९४६मध्ये ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडबरोबर ती दौऱ्यावर होती. त्या वेळी बीबॉप नावाचं नवं, अतिशय द्रुत आणि वाकडंतिकडं जॅझ जन्माला येत होतं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन काय करतात ते ती ऐकायची आणि गळ्यातून काढायची. १९४५चं ‘फ्लाइंग होम’ आणि १९४७चं ‘ओ लेडी बी गुड’ ही दोन ध्वनिमुद्रणं ऐका. दुसऱ्यात ती ट्रम्पेटच आहे असं वाटावं, इतकी टोकदार फेक आहे.

आणि बर्लिन, १३ फेब्रुवारी १९६०. हजारो श्रोते समोर. तिने ‘मॅक द नाइफ’ घेतलं. हे गाणं मुळात बर्लिनमध्येच, १९२८ साली एका संगीतिकेतून लोकांसमोर आलं, म्हणजे ज्यांचं गाणं त्यांच्याच अंगणात. मधल्या कडव्यांवर ती शब्द विसरली. थांबली नाही. शब्द विसरले हेच तिने त्याच चालीत, यमक जुळवत गायलं, हे गाणं आधी कुणी गाजवलं त्यांची नावं गुंफली, ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज काढला, आणि समेवर येऊन उभी राहिली. त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मला त्यात सगळ्यात थोर वाटतं ते हे, की विसरल्या क्षणी तिची लय केसभरही हललेली नाही. कान देऊन तपासा.

एक सराव सांगते. ऐकताना टाळी पहिल्या मात्रेवर देऊ नका. आपला हात केरव्याच्या सवयीने तिथेच पडतो. चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. सुरुवातीला हात अडखळेल. एकदा जमलं की ती गाण्याला का झुलवते ते अंगाला कळेल.

मालवणहून एक वाचक लिहितात : मला बिली हॉलिडे ही जॅझ गायिका ऐकताना घशात हुंदका दाटतो. एला गोड आहे, स्वच्छ आहे, मान्य. पण हिने आयुष्यात काही सोसलंय असं ऐकू येत नाही. मग तिला मोठी कसं म्हणायचं?

या पत्रासाठी मी बाकीची पत्रं आखडती घेतली आहेत.

आधी सोसण्याबद्दल. एला १९१७ साली व्हर्जिनिया राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूज गावी जन्मली. आई तिला घेऊन न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्सला आली. १९३२मध्ये आई गेली, तेव्हा एला पंधरा वर्षांची. मावशीकडे हार्लेमला गेली, शाळा सुटली, पोटासाठी नको त्या वाटांनी फिरली. सरकारने तिला उचलून हडसन गावच्या मुलींच्या सुधारगृहात टाकलं. तिथे काळ्या मुलींना वेगळ्या, वाईट खोल्यांत ठेवत आणि मारहाण करत. त्या संस्थेचा एक गायकवृंद होता. एला त्यात कधीच नव्हती, कारण तो फक्त गोऱ्या मुलींचा होता. विसाव्या शतकातला एक सर्वोत्तम गळा त्या इमारतीत होता, आणि त्याला त्या वृंदात उभं राहू दिलं गेलं नाही. हे वाचलं तेव्हा मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. पुढे ती तिथून सुटली आणि घर नसलेली पोर म्हणून हार्लेमच्या रस्त्यांवर राहिली. अपोलोच्या मंचावर चढली ती ही मुलगी.

यातलं तिने जाहीरपणे जवळजवळ काहीच सांगितलं नाही. सुधारगृहाची हकिगत तर जगाला ती गेल्यानंतर कळली.

आता गाण्याबद्दल. बिली हॉलिडे थोरच आहे. तिच्या दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेतसुद्धा माणूस अडकून पडतो. तुमचा हुंदका खरा आहे आणि तो मला तुमच्याकडून काढून घ्यायचा नाही. पण हुंदका ही गाणं मोजायची एकच पट्टी असते, हे मला मान्य नाही. आपल्याच मातीतल्या मोगूबाई कुर्डीकर घ्या. गोव्यातलं कुर्डी गाव, आई लहानपणीच गेलेली, नाटक कंपन्यांतले कष्टाचे दिवस, मग अल्लादिया खाँसाहेबांची तालीम टिकवण्यासाठी केवढी तरी ओढाताण. त्यांच्या गाण्यात हे कुठे ऐकू येतं? तिथे ऐकू येते ती कडेकोट लय आणि जागच्या जागी बसलेला स्वर. मोगूबाईंना कुणी कोरड्या म्हणत नाही. कारण आपल्याला कळतं की या बाईने स्वतःचं रडगाणं बाजूला ठेवून रागाला जागा करून दिली आहे. एलाने तेच केलं. ती स्वतःला मागे ठेवते आणि गाणं पुढे करते.

ऐकायचं असेल तर १९५६ सालचा कोल पोर्टर या अमेरिकन संगीतकाराच्या गाण्यांचा तिचा संग्रह घ्या. माझा दादा बोटीवर नोकरीला होता, त्याने तो वेंगुर्ल्याला आणला होता आणि आमच्या माजघरात तो इतका वाजला की शेजारची मुलंही त्यावर माना डोलवायची. त्यात ‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’ आहे. निरोपाचं गाणं. त्यात एके ठिकाणी शब्दच असे आहेत, की सूर मेजरमधून मायनरमध्ये कसा विचित्रपणे बदलतो, आणि नेमक्या त्याच शब्दांवर साथीतला शुद्ध धैवत उतरून कोमल होतो. दुसरी एखादी गायिका तिथे आवाज थरथरवेल, सुस्कारा टाकेल. एला काहीही करत नाही. स्वर सरळ, स्वच्छ ठेवते, आणि खालचा कोमल धैवत तुम्हाला गाठू देते. तिने तिथे आवाज कापवला असता, तर आपण तिच्याकडे बघत राहिलो असतो. ती बाजूला झाली म्हणून आपला स्वतःचा निरोप आपल्याला आठवतो.

असे संग्रह तिने १९५६ ते १९६४ या काळात आठ संगीतकार-गीतकारांवर केले. निर्माता नॉर्मन ग्रान्झ. ड्यूक एलिंग्टनच्या संग्रहात तर खुद्द एलिंग्टन वाजवायला. गर्श्विन बंधूंची, अर्व्हिंग बर्लिनची ही गाणी मूळची नाटकांतली आणि चित्रपटांतली, म्हणजे लोक चार दिवस गुणगुणून सोडून देत अशी. आपली नाट्यपदं मैफलीत जाऊन बसली, तशी ती तिने ठेवून दिली. हे काम दुःखाने होत नाही. प्रत्येक शब्द स्पष्ट, प्रत्येक स्वर मधोमध, आणि संगीतकाराने लिहिलेल्या चालीबद्दल आदर, याने होतं.

मोठी कसं म्हणायचं, तर असं म्हणायचं.

सावंतवाडीहून एक कॉलेजविद्यार्थिनी : प्रसिद्ध झाल्यावर तरी तिला रंगभेदाचा त्रास थांबला का?

नाही. १९५४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना होनोलुलूला तिला आणि तिच्या साथीदारांना पॅन अमेरिकनच्या विमानात पुढे चढू दिलं नाही. पहिल्या वर्गाची तिकिटं हातात होती. तिने विमान कंपनीवर दावा लावला. १९५५च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनला ग्रान्झने काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवायला नकार दिला, तर दोन खेळांच्या मधे पोलीस एलाच्या खोलीत घुसले आणि फासे खेळल्याच्या आरोपावरून तिला, गिलेस्पीला आणि इतरांना चौकीवर नेलं. तिथे पोलिसांनी तिची सही मागितली. हॉलिवूडच्या मोकॅम्बो क्लबमध्ये तिचा कार्यक्रम व्हावा म्हणून मेरिलिन मन्रोने मालकाला स्वतः फोन केला, हे एलानेच पुढे कृतज्ञतेने सांगितलं. १९५९च्या पहिल्यावहिल्या ग्रॅमी समारंभात तिला दोन पुरस्कार मिळाले, आणि हा मान मिळवणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री.

बांद्याहून एक वाचक : आपल्या बाजूला हे संगीत कधी पोचलं होतं का, की हे सगळं परदेशीच?

पोचलं होतं, आणि तुमच्या घरापासून फार लांब नाही. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईला गेली. १९३५मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडवाला ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला आणि मुंबईच्या या गोवेकर वादकांना खरं जॅझ समोरून ऐकायला मिळालं. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेटवर आर्मस्ट्राँगच्या ढंगाने वाजवत, म्हणून लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणू लागले. आमच्या पिढीने सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तली गाणी तोंडपाठ केली. १९५१चा तो चित्रपट. त्या ठेक्यात, त्या ट्रम्पेटमध्ये चिक चॉकलेट आहेत. आणि लोर्ना कोर्देरो ऐका, ख्रिस पेरी यांच्या चालींवर कोंकणीत गाणारी. एलाचं गाणं आपल्या भाषेच्या बहिणीत कसं उतरलं असतं हा प्रश्न पडत असेल तर तिथे उत्तर मिळेल.

कणकवलीहून एक परिचारिका : ती मधुमेहाने गेली का?

मधुमेहाने तिला फार छळलं. आधी दृष्टी अधू झाली, १९८६मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतरही ती गात राहिली. १९९३मध्ये दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. १५ जून १९९६ रोजी बेव्हर्ली हिल्समधल्या घरी गेली. एकोणऐंशी वर्षांची होती. तुमच्या रुग्णांना पायांची रोज तपासणी करायला तुम्ही सांगतच असाल, त्यांना हिचं नाव सांगून आणखी एकदा सांगा.

राजापूरहून एक आजोबा : इंग्रजी येत नाही. सुरुवात कुठून करू?

‘एला अँड लुई’पासून करा, १९५६चा संग्रह. नातवाला सांगा, मोबाईलवर लगेच मिळेल. आर्मस्ट्राँगचा खरखरीत आवाज आणि एलाचा नितळ, दोघं आलटून पालटून गातात. मागे चारच वादक. त्यातला डबल बास वाजवणारा रे ब्राउन म्हणजे एलाचा पूर्वीचा नवरा. १९५३मध्ये दोघांचा घटस्फोट झाला होता, तरी साथ किती मायेने करतो ते पाहा. शब्दांच्या मागे लागू नका. पहिल्यांदा फक्त बास ऐका, दुसऱ्यांदा लुई, तिसऱ्यांदा एला. संध्याकाळी, भजनाला जायच्या आधी ऐका, आणि कुठली जागा आवडली ते मला पोस्टकार्डावर कळवा. पुढच्या अंकात सारा व्हॉन या दुसऱ्या जॅझ गायिकेबद्दल लिहिणार आहे, तिच्याबद्दलचे प्रश्नही त्याच पत्त्यावर पाठवा.